तीन अक्षरांची जागा

एका नगरात एक माणूस राहत होता आणि त्याचा सावलीखेरीज कोणावरही भरवसा नव्हता. बायकोवर तरी असावा म्हणाल, तर त्याने लग्नच केलं नव्हतं. लग्नाच्या मुहूर्ताचं गणित मांडायला बसला आणि गणितात इतका रमला, की मुहूर्त टळून गेला. नगराचं नाव उदुंबरपूर, नदीचं नाव मंदा आणि माणसाचं नाव सोमिल.

सोमिल मेंढपाळाचा पोरगा. मेंढ्या राखायला काठी घेऊन जायचा आणि माळावर काठी रोवून तिची सावली कुठून कुठे सरकते ते बघत बसायचा. मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरायच्या. सोमिल मार खायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी रोवायचा. मार खाऊन सुधारला असता तर चांगला मेंढपाळ झाला असता. सुधारला नाही, म्हणून मोठा गणिती झाला.

मोठा म्हणजे खरोखरच मोठा. झाडावर न चढता तो झाडाची उंची सांगे. विहिरीत न उतरता तिची खोली सांगे. पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे, असं त्याने सांगितलं तेव्हा लोक पोट धरून हसले. म्हणाले, "मग खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत?" सोमिल म्हणाला, "तीही आत्ता तुमच्याबद्दल हेच विचारत असतील." ग्रहणात राहू सूर्याला गिळत नाही, चंद्र मध्ये येतो आणि सावली पडते, हेही त्यानेच सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. ग्रहण लागताच पुन्हा ढोल बडवले. विचारलं तर म्हणाले, "सावली तर सावली. पण राहूला वाईट वाटायला नको!"

"सावली खोटं बोलत नाही," हे सोमिलचं आवडतं वाक्य. दिवसातून दहादा म्हणायचा. ज्याला त्याला ऐकवायचा. एवढ्या वेळा म्हटलेलं वाक्य माणसाला कधी ना कधी गोत्यात आणतंच.

त्या काळी गणित नुसत्या आकड्यांत लिहीत नसत, श्लोकांत लिहीत. ताडपत्राला वाळवी लागते, पाठ केलेल्या श्लोकाला लागत नाही. तिशीत असताना सोमिलने आपली पोथी रचली. सूर्य किती चालतो, चंद्र किती चालतो, ग्रहण कधी लागतं, सगळं वृत्तात बांधलं. चंद्राच्या गतीच्या श्लोकापाशी मात्र गाडी अडली. आकडा श्लोकात झकास बसला, पण त्याच्या शेपटीला एक इवलासा अपूर्णांक होता, तो काही बसेना. त्याला तीन अक्षरं जास्त लागत होती आणि वृत्तात एकाचीही जागा नव्हती. सोमिल तीन दिवस अक्षरं मागेपुढे करत राहिला. तो तुकडा घातला की श्लोक लंगडायचा. काढला की मोरासारखा चालायचा.

शेवटी त्याने हिशेब केला. एवढासा तुकडा गाळला तर काय बिघडतं? वर्षाला दीड पळाचा फरक. पळ म्हणजे किती, तर म्हाताऱ्याला कमरेवर हात ठेवून उठायला लागतो तेवढा वेळ. सोमिल हसला आणि त्याने तुकडा गाळला.

श्लोक इतका गोड झाला की विचारू नका. पाठशाळेत विद्यार्थी म्हणू लागले, नावाडी वल्ह्याच्या तालावर म्हणू लागले, बायका जात्यावर म्हणू लागल्या. अर्थ कोणालाच कळत नव्हता, म्हणून तर सगळ्यांना आवडला. राजा रणधीर स्नान करताना म्हणायचा. तो बेसूर गायचा, पण राजाला बेसूर कोण म्हणणार?

अशी चाळीस वर्षं गेली. दरसाल दीड पळ, दरसाल दीड पळ. साठ पळांची एक घटका होते. आता बसा हिशेब करत.

उदुंबरपुरात घटका मोजण्याचं काम मूलक नावाच्या माणसाकडे होतं. राजवाड्याच्या ओट्यावर पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ होतं. त्यात तांब्याचं एक पात्र तरंगत असे आणि पात्राच्या बुडाला बारीकसं भोक होतं. भोकातून हळूहळू पाणी शिरायचं, पात्र भरायचं आणि बुडायचं. बुडालं की एक घटका झाली. मूलकने थाळीवर ठोका द्यायचा, पात्र उपसून पुन्हा तरंगत ठेवायचं. दिवसा तो आणि रात्री त्याची बायको मल्ली. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत साठ ठोके. दोघं नवराबायको उजेडात एकमेकांना ओट्यावरच काय ती भेटत. तरी त्यांचं भांडण व्हायचं. तेही घटकाभरात उरकायचं.

पुढे फाल्गुनातल्या अमावास्येला सूर्यग्रहण आलं. सोमिलने पोथीवरून सांगितलं, सूर्योदयानंतर दहाव्या घटकेला ग्रहणाचा स्पर्श. राजा रणधीरने शेजारचे चार राजे बोलावले. स्पर्शाच्या क्षणी नदीत उभं राहून स्नान करायचं, असा थाट ठरला. दहावा ठोका पडला. राजा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि वर बघू लागला.

सूर्य जसाच्या तसा.

डोंगरातून आलेलं मंदेचं पाणी म्हणजे सुऱ्यांसारखं. राजाचे दात वाजू लागले. मग ओठ जांभळे झाले. काठावरच्या चार राजांपैकी एकाला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं. राजाला बाहेर येता येईना, कारण बाहेर यायचं म्हणजे फजिती कबूल करायची. तो पूर्ण एक घटका पाण्यात उभा राहिला. अकरावा ठोका पडला आणि तेव्हा कुठे सूर्याच्या कडेला काळं लागलं.

दुसऱ्या दिवशी दरबारात राजा नाक पुसत म्हणाला, "पोथी खोटी की पात्र खोटं?"

"पात्र," सोमिल म्हणाला. त्या वेळी त्याला तसं खरंच वाटत होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "तांब्याचं पात्र आहे, महाराज. हा रोज चिंच लावून घासत असणार. घासून घासून भोक मोठं झालं. पाणी भरभर शिरतं, पात्र लवकर बुडतं. दहा ठोके पडायला हवे होते, तिथे अकरा पडले."

मूलक पुढे आला. त्याला दरबारात बोलायची सवय नव्हती. तो थाळीवर ठोके दिल्यासारखा अडखळत बोलला. "महाराज, पात्राला मी कधी चिंच लावली नाही. नुसतं पाण्याने विसळतो. आणि रोज सकाळी या करंगळीने भोक चाचपून बघतो. केसाएवढा फरक पडला तरी बोटाला कळतो."

"म्हणजे मी तुझ्या करंगळीवर राज्य चालवू?" राजा म्हणाला. दरबार हसला. दरबाराचं कामच ते.

पण राजा अगदीच अडाणी नव्हता. म्हणाला, "बारा दिवसांनी विषुवाचा दिवस आहे. दिवस आणि रात्र सारखी, तीस-तीस घटकांची. आचार्य, त्या दिवशी हे पात्र तुमच्या अंगणात ठेवा आणि मोजा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तीसदा बुडालं तर पात्र खरं. मग तुमची पोथी भर चौकात जाळीन. तिसाहून जास्त वेळा बुडालं, तर ज्या हाताने पात्र बिघडवलं तो याचा उजवा हात तोडीन. मोजणार तुम्ही. तुमच्याइतकं खरं मोजणारा राज्यात आहे कोण?"

विषुवाचा दिवस उजाडला. सोमिलच्या अंगणात घंगाळ मांडलं. पाय बांधून मूलकला निंबाखाली बसवलं आणि पहाऱ्याला एक शिपाई ठेवला. शिपायाला विसापर्यंतच मोजता येत होतं. हातापायांची बोटं संपली की त्याचं गणित संपायचं. पात्र बुडालं की मूलक एक चिंचोका बाजूला ठेवी आणि सोमिल कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढी. अंगणाच्या मधोमध सोमिलची सावली मोजायची काठी रोवलेली होती. मध्यान्हाची रेषा त्याने स्वतः आखलेली होती.

उन्हं वर आली. सावली आखडत आखडत रेषेपाशी आली. ती रेषेवर टेकली आणि त्याच क्षणी पात्र डुबुक करून बुडालं.

सोमिलने भिंतीवरच्या रेघा मोजल्या. पंधरा.

त्याने पुन्हा मोजल्या. रेघा काही कमी-जास्त झाल्या नाहीत. अर्धा दिवस, पंधरा घटका. पात्र अगदी खरं होतं. म्हणजे पोथी खोटी होती. आणि कुठे खोटी होती, ते शोधायला सोमिलला पोथी उघडावी लागली नाही. चाळीस वर्षांपूर्वी गाळलेली ती तीन अक्षरं त्याला आपल्या नावासारखी आठवली.

"आचार्य, तुम्ही जेवला नाहीत," मूलक म्हणाला.

"भूक नाही."

"पंधरा झाले ना? बरोबर मध्यान्हाला?" मूलकचा चेहरा उजळला होता. "मला ठाऊक होतं. तुम्ही सावलीवर मोजणार म्हटल्यावर मला घोर नव्हता. मल्ली उगाच रडत होती. मी तिला म्हटलं, अगं, सावली खोटं बोलत नाही."

मूलक निंबाला टेकला आणि पात्राकडे बघत गुणगुणू लागला. तोच श्लोक. चंद्राच्या गतीचा.

"हा तू कुठे शिकलास?" सोमिलने विचारलं.

"कुठे म्हणजे? सगळे म्हणतात. पात्र भरेपर्यंत मी हाच घोळवतो. शंभर वेळा म्हटला, की पात्र बुडतं. फार सुरेख आहे हो, आचार्य. एक अक्षर इकडचं तिकडे करायला जागा नाही."

ती दुपार सोमिलला जन्मभर पुरली. एका बाजूला चाळीस वर्षांची पोथी. झाडांच्या उंच्या, विहिरींच्या खोल्या, गोल पृथ्वी, सगळं तिच्यात. तीन अक्षरांपायी सगळी जळणार. दुसऱ्या बाजूला एक हात. तोही दुसऱ्याचा. माणूस असा तराजू हातात धरतो ना, तेव्हा काटा कुठे झुकणार ते त्याने आधीच ठरवलेलं असतं. नुसतं तोललं असं दिसावं म्हणून तोलत बसतो. सोमिल म्हणाला, पोथी जगाच्या उपयोगाची आहे. मग म्हणाला, पोथी जळाली तर लोक पुन्हा राहूला घाबरतील. एवढी कारणं त्याने एका दुपारी जमवली, की त्यांची दुसरी पोथी झाली असती.

सूर्य टेकडीला टेकला. पात्र बुडालं. मूलकने चिंचोका ठेवला आणि ओरडला, "तीस! आचार्य, तीस!"

सोमिल उठला. मूलककडे पाठ करून भिंतीपाशी गेला. त्याने कोळसा उचलला आणि तीस रेघांच्या पुढे आणखी तीन रेघा ओढल्या. हात मुळीच कापला नाही. सुंदर, सरळ रेघा आल्या.

"किती?" शिपायाने जांभई देत विचारलं.

"तेहेतीस."

मूलक हसला. त्याला वाटलं, आचार्य थट्टा करताहेत. मग त्याने भिंतीकडे बघितलं. "आचार्य? हे माझे चिंचोके मोजा ना. तीसच आहेत. तुम्ही इथेच होता की. मध्यान्हाला पंधरा झाले, तेव्हा तुम्हीही..."

"तीन चिंचोके चघळले असशील," शिपाई म्हणाला.

मूलक सोमिलकडे बघत राहिला. सोमिल काठीच्या सावलीकडे बघत राहिला. सूर्य बुडाला आणि बघायला सावलीही उरली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात मूलकचा उजवा हात मनगटापासून तोडला. राजाने जुनं पात्र मल्लीच्या पायाशी फेकलं आणि म्हणाला, "घेऊन जा हे खोटं भांडं." तिने ते उचलून पदरात घेतलं. लोक घरी गेले. दळणं दळायची होती. बायका जात्यावर श्लोक म्हणू लागल्या.

मग नवं पात्र करायचं ठरलं. सोमिलच्या सांगण्यावरून तांबटाने भोक बारीक ठेवलं. पाणी सावकाश शिरू लागलं, पात्र सावकाश बुडू लागलं. घटका मोजायला श्यामल नावाचा माणूस आला, पाच मुलांचा बाप. पहिल्याच दिवशी त्याला दिसलं, की सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत साठ ठोके पडतच नाहीत. चोपन्न पडतात, फार तर पंचावन्न. आता हे त्याने कोणाला सांगावं? मूलकचं काय झालं ते त्याने बघितलं होतं. श्यामलने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि मनाशी काहीतरी ठरवलं. कधी पहाटे दोन, कधी दुपारी तीन, कधी राजा झोपला असताना एक, असे जादा ठोके देऊन तो साठ पुरे करू लागला.

तेव्हापासून उदुंबरपुरात नक्की किती वाजलेत ते कोणालाच कळेना. मुहूर्तावर बोहल्यावर चढलेला नवरा अक्षता पडायची वाट बघत भुकेने चक्कर येऊन पडे. भात कधी कच्चा, कधी करपलेला. लोक म्हणत, "हल्ली दिवस बदललेत." पुरोहितांनी याला कलियुगाचा महिमा म्हटलं आणि शांतीची दक्षिणा घेतली.

सोमिलची कीर्ती वाढत होती. फक्त त्याचं काम बंद पडलं होतं. सावली म्हणे मध्यान्ह झाला. थाळी म्हणे अजून अवकाश आहे. आकाश मोजायचं कशाने? एके दिवशी त्याने अंगणातली काठी उपटून टाकली. शेजाऱ्यांना सांगितलं, वाळवी लागली होती. भिंतीवरच्या तेहेतीस रेघांवर त्याने चुना फासला, पण दर पावसाळ्यात चुना निघे आणि रेघा पुन्हा दिसत.

बारा वर्षं गेली. पुन्हा सूर्यग्रहण आलं आणि राजा रणधीरने या वेळी सात राजे बोलावले. चौघांदेखत झालेली फजिती त्याला सात जणांदेखत धुऊन काढायची होती. सोमिलने दाराला कडी लावून गणित केलं. या वेळी त्याने ती तीन अक्षरं धरली. उत्तर लख्ख आलं, बारावी घटका. दरबारात त्याने तेच सांगितलं. पण बाराव्या घटकेला ओट्यावरची थाळी बारा वाजवणार नव्हती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? नवं पात्र करायला तांबटाला चार महिने लागत आणि तांबट आधी विचारी, "का?" ग्रहणाला नऊ दिवस उरले होते. खरं पात्र नगरात एकच होतं.

सोमिल मूलकच्या घरी गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मल्ली दारात उभी होती. तिने त्याला ओळखलं आणि बाजूला झाली नाही. "काय हवंय?"

"मल्ली, ते जुनं पात्र..."

"आत या," आतून मूलकचा आवाज आला. "अगं, येऊ दे त्यांना. म्हातारे झालेत."

मूलक जमिनीवर बसून पेज पीत होता, डाव्या हाताने. पेज त्याच पात्रात होती.

"ते पात्र मला दे," सोमिल म्हणाला. "कोणाला कळणार नाही. ग्रहणाच्या दिवशी ओट्यावर ठेवू. सगळं जुळेल. मी राजाला सांगून तुला गाव इनाम देववीन."

मूलकने पेज संपवली, पात्र उलटं केलं आणि बूड दाखवलं. भोकाच्या जागी लाखेचा काळा ठिपका होता. "मल्लीने बुजवलं. घरात दुसरं भांडं नव्हतं. भोक असलेल्या भांड्यात पेज राहत नाही, आचार्य."

"लाख काढता येईल. भोक पुन्हा नीट करता येईल."

"केवढं? लाख ओतायच्या आधी हिने खिळ्याने भोक रुंद केलं, लाख धरावी म्हणून. मूळ भोकाचं माप एकाच ठिकाणी होतं, माझ्या उजव्या करंगळीत." तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर सोमिलला बरं वाटलं असतं. "तुम्ही म्हणायचात ना, सावली खोटं बोलत नाही? बरोबरच होतं. ती काहीच बोलत नाही. तिच्या वतीने बोलायला त्या दिवशी तुम्ही होतात."

मल्लीने पात्र उचललं आणि विसळायला नेलं. नुसत्या पाण्याने.

ग्रहणाचा दिवस आला. सात राजे काठावर बसले. दहावा ठोका पडून बराच वेळ झाला होता. बाराव्याला अवकाश आहे म्हणून राजा रणधीर निवांत फराळाला बसला. श्यामलने त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून पात्र सांभाळलं, भीतीने एकही जादा ठोका दिला नाही. राजाने बेसनाचा लाडू तोंडात घातला आणि सूर्याच्या कडेला काळं लागलं. अकरावा ठोकासुद्धा पडला नव्हता.

ग्रहणात अन्न! तेही सात राजांच्या समोर! राजाला लाडू गिळता येईना, थुंकता येईना. तो गाल फुगवून तसाच उभा राहिला. सातही राजांना एकदम खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. श्यामलला पुढे उभं केलं होतं. राजाने तोच प्रश्न विचारला, "पोथी खोटी की पात्र खोटं?"

सोमिलने श्यामलच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे लपवलेले होते, लहान मूल लपवतं तसे. सोमिल पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, पात्र खोटं आहे. पण याने बिघडवलं नाही. मी बिघडवलं. ते मुळात खोटंच करवून घेतलं, कारण माझी पोथी खोटी होती. मूलकचं पात्र खरं होतं. ते तीसदाच बुडालं. तेहेतीस मी लिहिले. हात तोडायचा तर माझा तोडा."

राजाचे डोळे भरून आले. तो सिंहासनावरून उतरला आणि त्याने सोमिलचे पाय धरले.

"आचार्य! काय हे मोठं मन! एका गुन्हेगाराचा हात वाचावा म्हणून तुम्ही स्वतःच्या पोथीला बट्टा लावता?"

"महाराज, मी खरं बोलतोय."

"खरं बोलणं तर तुमचा स्वभावच आहे. म्हणून तर एवढं खोटंही तुम्हाला नीट बोलता येत नाही." राजाने डोळे पुसले. "तुमचा श्लोक मी पन्नास वर्षं म्हणतोय. इतकी सुरेख ओळ खोटी असेल? आणि या वेळी तुमच्या गणितात चूक कुठे होती? मी नाक्यावरच्या वाण्याकडूनसुद्धा पात्र सावलीवर मोजून घेतलंय. ते सावकाशच बुडतं. कारण साधं आहे. पहिल्याने घासून घासून भोक मोठं केलं. याने आळसाने कधी घासलंच नाही, भोक बुजत आलं. हे शास्त्र तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"महाराज, मूलकला विचारा! त्याचे चिंचोके..."

"हाततुट्या माणसाची साक्ष?" राजा म्हणाला. दरबार हसला.

श्यामलचा उजवा हात त्याच चौकात तोडला. त्याने ओरडताना सोमिलचं नाव घेतलं. लोकांना वाटलं, तो आचार्यांना आशीर्वाद देतोय.

राजाने सोमिलच्या मोठ्या मनाची आठवण म्हणून चौकात शिळा उभी केली आणि तिच्यावर चंद्राच्या गतीचा तो श्लोक कोरला. जिथे दोन हात पडले, त्याच जागी. सोमिल पाठशाळेत गेला आणि विद्यार्थ्यांना खरा श्लोक सांगू लागला, तीन अक्षरांसकट. विद्यार्थी खुदखुदले. गुरुजींनी त्यांना दटावलं आणि सोमिलच्या कानाशी येऊन प्रेमाने म्हणाले, "आचार्य, वय झालं. आपलाच श्लोक विसरलात. वृत्त मोडतंय."

शेवटी एका सकाळी म्हातारा छिन्नी-हातोडा घेऊन चौकात गेला. शिळेच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याने ती तीन अक्षरं कोरली. डोळे अधू, हात कापरे. तीन अक्षरांना सबंध दिवस लागला. आता मात्र रेघा वाकड्या आल्या. चौकाच्या कोपऱ्यात मूलक आणि श्यामल बसले होते, दोघांत मिळून दोन डावे हात. त्यांना वाचता येत नव्हतं, पण म्हातारा काय करतोय ते दोघांना कळलं. ते उठले नाहीत. त्याला कोणी अडवू नये म्हणून फक्त बघत बसले.

सोमिल त्याच महिन्यात गेला. राजाने चंदनाची चिता रचली, नगराने सुतक पाळलं. तेरावं झाल्यावर पाथरवट आला. त्याने कोणा टवाळखोराचं काम समजून ती तीन अक्षरं चुना भरून बुजवली आणि वरून गुळगुळीत घासली. मग दोन पावलं मागे सरला, सबंध श्लोक मोठ्याने म्हणून बघितला आणि कोपऱ्यातल्या दोघांना म्हणाला, "आता कशी सुरेख बसली ओळ! नाही का?"

तात्पर्य: आपली चूक ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी बोलून टाकावी, त्या दिवशी ती तीन अक्षरांची असते, पुढे ती पुसायला माणसांचे हात पुरत नाहीत.